पाऊण चोक, सहा नंबर

कमलाकर धुमाळांनी करंगळी बंदुकीच्या नळीच्या तोंडात घातली, सावकाश एक वेढा फिरवला आणि डोळे मिटले. दुनळी बंदूक मधोमध उघडून टेबलावर ठेवलेली होती, आत काडतूस नव्हतं, हे जावयानं दोनदा तपासलं होतं. तरी त्याचा जीव सासऱ्यांच्या करंगळीत अडकला.

“हे टोक निघतं?” कमलाकरांनी डोळे न उघडता विचारलं.

“निघतं, अण्णा. त्याला चोक म्हणतात. एक फिरवून काढायचा, दुसरा बसवायचा. माल्कमकडे पाच आहेत.”

“चोक माहीत आहे मला, परीक्षितराव. निघतो हे माहीत नव्हतं. आमच्या वेळी तो नळीबरोबर जन्माला यायचा आणि नळीबरोबरच जायचा. माणसाच्या स्वभावासारखा.”

परीक्षितनं मान डोलावली. चोक हा प्रकार त्याला तीन आठवड्यांपूर्वी कळला होता. बागेतल्या पाइपचं तोंड बोटानं आवळलं की धार लांब जाते, सैल सोडलं की जवळच पसरते. बंदुकीच्या छऱ्यांचंही तसंच, असं त्यानं इंटरनेटवर वाचलं आणि लगेच तक्ता केला. पाच चोक, तीन प्रकारची काडतुसं, एकूण पंधरा जोड्या. रीडिंगच्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर टेस्टर होता. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा त्याला पगार मिळत असे, त्यामुळे स्वतःच्या शोधायला सवड मिळत नसे.

हे सगळं एका टर्कीसाठी चाललं होतं.

टर्की माल्कम प्रॉक्टरची. त्याचं शेत रीडिंगपासून बारा मैलांवर. मागच्या वर्षी ख्रिसमसला दहा दिवस उरले असताना एक नर कुंपणावरून उडाला आणि ओकच्या रानात जाऊन बसला. ख्रिसमस झाला, नवं वर्ष झालं, तो परत आला नाही. त्याच्या जागी कुणीही शहाणा आला नसता. आता पुन्हा डिसेंबर होता, सन २००५. ब्रिटनमध्ये दुसरा ख्रिसमस पाहण्याची आशा बाळगणारी ती बहुधा एकटीच टर्की असावी, आणि त्या मानाचा परिणाम तिच्या वागण्यावर झाला होता. पोस्टमन पत्रं फाटकाबाहेरूनच फेकायचा. गावानं त्या पक्ष्याला ‘ब्रिगेडियर’ म्हणायला सुरुवात केली होती. माल्कमनं त्याच्यावर दोनदा बार टाकले. दोन्ही वेळा चार पिसं खाली पडली, ब्रिगेडियरनं अंग झटकलं आणि तो चालत निघून गेला. मागच्या महिन्यात मात्र त्यानं माल्कमच्या बायकोच्या, जीनच्या अंगावर झेप घेतली आणि पायाच्या नखीनं तिचं मनगट उसवलं. सात टाके पडले. तेव्हा माल्कमला आपल्या दाताच्या डॉक्टरची आठवण झाली.

दाताची डॉक्टर म्हणजे कमलाकरांची मुलगी मंजिरी. दाताच्या डॉक्टरांची एक सोय असते. ऐकणाऱ्याच्या तोंडात कापूस असतो. माल्कमच्या दाढेचं रूट कॅनाल तीन बैठकांत झालं. पहिल्या बैठकीत मंजिरीनं त्याला वेळशीच्या जहागिरीतला नरभक्षक बिबळ्या सांगितला, दुसरीत रानडुक्कर, तिसरीत पुन्हा बिबळ्या, जास्त तपशिलानं. कापूस निघाल्यावर माल्कमचा पहिला प्रश्न होता, “तुझे वडील इकडे कधी येणार?”

ते नोव्हेंबरात आले. सत्त्याहत्तर वर्षांचे, उंच, वाळलेल्या सागासारखे. जानेवारीच्या वीस तारखेला परत जायचं होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी एवढा लांबचा प्रवास पुन्हा करू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणजे ही खेप शेवटची. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं.

मंजिरीनं वडिलांना बंदूक धरलेलं कधी पाहिलंच नव्हतं. बहात्तर साली सरकारनं शिकार बंद केली तेव्हा ती दोन वर्षांची होती. जहागीर त्याआधीच गेली होती. कमलाकर पंचायत समितीत कारकून झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण आई, सुमन, रात्रीचं जेवण वाढताना शिकारखान्याच्या गोष्टी सांगायची आणि वडील मधेच एखादा तपशील पुरवून ताटाकडे बघत बसायचे. शाळेत, कॉलेजात, रीडिंगमध्ये, मंजिरीनं त्याच गोष्टींवर आपली मान ताठ ठेवली होती. आता आई नव्हती. वडिलांचा एक बार, एकच, डोळ्यांनी पाहायचा, म्हणजे ऐकलेलं सगळं खरं ठरून जागच्या जागी बसेल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. माल्कमनं चौकशी करून सांगितलं होतं, शेत त्याचं, बंदूक त्याची आणि तो स्वतः हजर; पाहुण्यानं एखादा बार टाकायला कायद्याची हरकत नव्हती.

“चला तर, मिस्टर धुमाळ,” माल्कम म्हणाला. चाळीस यार्डांवर चुन्यानं पांढरा केलेला लोखंडी पत्रा उभा होता, मागे मातीचा उंच बांध. त्यानं बंदूक पुढे केली. “आधी पत्र्यावर हात बसवा.”

कमलाकरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“नो, नो. यू फायर. आय सी.”

“अण्णा, मारा की एक!” मंजिरी म्हणाली.

“पत्र्याचं काय वाकडं केलंय मी?”

माल्कम हसला. खरा नेमबाज पत्र्यावर दारू वाया घालवत नाही, हे त्याला पटलं. मंजिरीलाही पटलं.

माल्कमनं बार टाकायला सुरुवात केली. एका बारानंतर परीक्षित पत्र्यापाशी धावायचा, काळ्या ठिपक्यांभोवती अडीच फुटांचं वर्तुळ आखायचा, मोजायचा, फोटो काढायचा, चुना फासायचा आणि परत यायचा. नऊ जोड्या झाल्यावर माल्कमचा खांदा बधिर झाला आणि परीक्षितचा तक्ता बोलू लागला.

“फुल चोक आणि चार नंबर,” परीक्षित म्हणाला. “क्लिअर विनर. पक्षी दहा-अकरा किलोचा. मोठा पक्षी, मोठा छर्रा, सर्वांत आवळलेलं तोंड. लॉजिकल आहे, अण्णा.”

कमलाकर पत्र्याकडे चालत गेले. चुना ओला होता. त्यांनी उजवा तळवा पत्र्यावर टेकवला आणि डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली, हळूहळू सरकवत नेला. जिथे छर्रा आपटला होता तिथे लोखंडाला बारीक खळगी पडली होती, आणि प्रत्येक खळगीशी तळवा क्षणभर थबकत होता. दोनदा त्यांनी मान हलवली. एका जागी तळवा बराच वेळ थांबला. तिथे एकही खळगी नव्हती.

“मंजू, इकडे ये. हात दे.”

त्यांनी तिचा पंजा त्या मोकळ्या जागेवर ठेवला. तो तिथे आख्खा मावला.

“एवढ्या भोकातून त्या कोंबड्याची मान निघून जाईल आणि त्याला वाराही लागणार नाही. छर्रा मोठा म्हणजे काडतुसात मावतो थोडा. वर तोंड इतकं आवळलंय की सगळे एकमेकांना ढकलत बाहेर पडतात. एसटीच्या दारासारखं. काही इकडे, काही तिकडे, मधे रिकामं.”

“पण अण्णा, चार नंबरला पॉवर जास्त...”

“कशाला हवीय? अंगावर मारायचंच नाही. पंख म्हणजे चिलखत आहे त्याचं, हे साहेब दोनदा अंगावर मारून बसलेत. डोकं आणि मान, बस्स. लिंबाएवढं डोकं, आणि त्याखाली दोन बोटं रुंदीची मान. तिथे एक मोठा लागण्यापेक्षा पाच बारीक लागलेले बरे. सहा नंबर भरायचा. चोक पाऊण. आणि चाळीसवर मारायचं नाही, तीस पावलांपर्यंत येऊ द्यायचं.”

मंजिरीनं माल्कमला इंग्रजीत सांगितलं. परीक्षितच्या तक्त्यात ही जोडी अकराव्या ओळीत होती आणि अजून तपासायची राहिली होती. माल्कमनं पाऊण चोक बसवला, सहा नंबरचं काडतूस भरलं, कमलाकरांनी पावलं मोजून जागा दाखवली तिथे उभा राहिला आणि चाप ओढला.

सगळे पत्र्यापाशी गेले. रांगोळीचे ठिपके टाकण्यात जिचा हात पिढीजात बसलाय अशा बाईनं पांढऱ्या अंगणात एकसारखे ठिपके टाकून ठेवावेत, तसा तो पत्रा दिसत होता. परीक्षितनं टर्कीच्या डोक्या-मानेच्या आकाराचा कागद कापून आणला होता. तो जिथे ठेवावा तिथे त्याखाली आठ-नऊ ठिपके सापडत होते. त्यानं कागद सात ठिकाणी ठेवून पाहिला. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि वही मिटली.

“माय गॉड,” माल्कम हळू आवाजात म्हणाला. त्याच्या घराण्यात चार पिढ्या बंदूक होती. “हाताला कळलं हे त्यांच्या?”

कमलाकर रुमालानं चुना पुसत होते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, उजाडताना ते शेताच्या टोकाला गेले. गवतावर हिम पांढरं पडलं होतं. पेंढ्याचे चौकोनी गठ्ठे छातीपर्यंत रचून माल्कमनं आडोसा केला होता. आत दोघांपुरतीच जागा, म्हणून कमलाकर आणि मंजिरी आत बसले. माल्कम आणि परीक्षित लगेच मागच्या, जरा उंच रांगेआड. तिथून त्यांना या दोघांच्या टोप्या दिसत होत्या, बाकी काही नाही. समोर गवताचा उतार, पलीकडे मातीचा चढ आणि त्यावर ओकची झाडं. ब्रिगेडियर रोज त्या झाडांवरून उतरायचा आणि सांडलेले बार्लीचे दाणे टिपत या बाजूला यायचा.

“गार वाजतंय का, अण्णा?”

“बोलू नकोस.”

सव्वाआठला तो उतरला. आधी नुसता आवाज आला, कुणीतरी ओली सतरंजी झटकल्यासारखा. मग चढावर काहीतरी काळं उभं राहिलं. सूर्य अजून वर यायचा होता, तोवर तो निव्वळ काळा ढीग होता आणि मंजिरीला जरा निराशाच वाटली. तो चार पावलं खाली आला. त्याच वेळी झाडांच्या बुंध्यांमधून उन्हाची पहिली तिरीप उतारावर पडली.

चिंचेनं घासून लख्ख केलेलं तांब्याचं घंगाळ उन्हात ठेवावं तसा तो पेटला. पिसापिसाच्या कडेला सोनेरी रेघ होती, रेघेखाली हिरवं, हिरव्याखाली जांभळं, आणि श्वास घेतला की हे सगळे रंग जागा बदलत होते. डोकं निळसर पांढरं, मानेला लाल झालर. त्यानं शेपटी उघडली. पांढऱ्या गवतावर वाफेचा एक लोट सोडला आणि आपल्या मालकीच्या जमिनीवर चालावं तसा, एकेक पाऊल उचलून, पाहून, ठेवत पुढे येऊ लागला. एका वर्षात त्याला कुणी मालक उरला नव्हता, हे लांबूनही कळत होतं.

मंजिरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते थंडीचं असावं, असं तिनं ठरवलं.

तिनं वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर बंदूक उघडी होती. त्यांची नजर पक्ष्यावर होती आणि हात आपापलं काम करत होते. उजवा हात खिशात गेला, दोन काडतुसं घेऊन बाहेर आला. अंगठ्यानं दोन्हींच्या पितळी कडा चाचपल्या, एकेक नळीत सोडलं. नळ्या मिटवताना त्यांनी डाव्या तळव्यानं सांधा असा दाबून धरला की आवाजच झाला नाही. तेहतीस वर्षांत या हातांनी बंदूक धरली नव्हती, फायलींना नाड्या बांधल्या होत्या, आणि तरी ते काहीच विसरले नव्हते. मंजिरी श्वास रोखून बघत राहिली. आता बंदूक खांद्याला जाणार होती.

कमलाकरांनी नळ्या आभाळाकडे केल्या, बंदूक दोन्ही हातांवर घेतली आणि लाकडी दस्ता आपल्या उजव्या बाजूला पुढे धरला. मान किंचित खाली होती. तिथे कुणी नव्हतं, पेंढा होता. क्षणभर बंदूक त्या रिकाम्या जागेपुढे तशीच तोललेली राहिली. मग कमलाकर गुडघ्यावर वळले आणि दस्ता मंजिरीपुढे धरला.

“घ्या,” ते पुटपुटले.

जन्मात त्यांनी तिला अहो-जाहो केलं नव्हतं.

“अण्णा?”

“साठ पावलांवर आहे. वेळ आहे.”

“अण्णा, तुम्ही मारायचंय.”

त्यांनी वर पाहिलं नाही. बंदूकही मागे घेतली नाही. हात थरथरत नव्हते, आणि असे हात किती वेळ न थरथरता पुढे धरलेले राहू शकतात, हे तिला एकाएकी दिसलं. एकेक करून सगळ्या गोष्टी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. बिबळ्यासाठी काय भरलं होतं, हे वडील सांगायचे. वारा कुठून होता, किती पावलं होती, दारूला ओल लागू नये म्हणून काडतुसं पोटाशी कशी बांधून नेली होती, हे सांगायचे आणि पाण्याच्या तांब्याला हात घालायचे. गोष्टीतला बिबळ्या आईच पाडायची.

“कधीच नाही?” तिनं विचारलं.

“जहागीरदारांच्या मागे बावीस वर्षं उभा होतो,” कमलाकर तितक्याच हळू म्हणाले. “माझं काम बंदूक भरून हातात द्यायचं होतं. तुझ्या आईला लग्नाआधी कुणी काय सांगितलं, देव जाणे. नंतर तिला एवढं आवडायला लागलं होतं...” ते थांबले. “पंचेचाळीस पावलं.”

उतारावर ब्रिगेडियर थांबला होता. मान उंच करून तो पेंढ्याच्या गठ्ठ्यांकडे बघत होता. मागच्या रांगेत परीक्षितनं खोकला गिळल्याचा आवाज आला. मंजिरीनं हातमोजा दातांनी ओढून काढला आणि बंदूक घेतली.

ती वाटलं होतं त्यापेक्षा जड होती. कमलाकर लगेच तिच्या मागे सरकले. त्यांनी दस्ता तिच्या खांद्याच्या खोबणीत बसवला, गाल लाकडावर टेकवला, डाव्या कोपराखाली पेंढा सारला. कुठेही जोर नाही, कुठेही चूक नाही.

“लाल झालर संपते तिथे बघायचं. बाकी पक्षी विसरायचा.”

“खूप सुंदर आहे हो, अण्णा.”

“आहेच. म्हणून तर अर्धवट काम करायचं नाही. चाळीस.”

ब्रिगेडियरनं एक दाणा टिपला.

“मान खाली असताना नाही. सदतीस. श्वास चालू दे. चौतीस.”

त्यांचा आवाज तिच्या कानामागून येत होता, सपाट, न घाईचा. आणि तो ऐकता ऐकता तिला वाटलं, या आवाजावर विसंबून कुणीही वाघापुढे उभं राहिलं असतं. जहागीरदार बावीस वर्षं राहिलेच होते.

“तीस. मान वर येईल... आता.”

बार झाला. खांद्याला धक्का बसला. ब्रिगेडियर जिथे होता तिथेच खाली बसल्यासारखा पडला. एक पंख अर्धा उघडला आणि सावकाश मिटला. ओकच्या झाडांवरून कावळ्यांचा थवा उठला, आभाळभर झाला आणि पांगला. मग इतकं शांत झालं की गवतावरचं हिम वितळताना टिचतंय, तेही ऐकू येत होतं.

कमलाकरांनी तिच्या हातून बंदूक घेतली, उघडली, उरलेलं काडतूस काढून खिशात टाकलं.

“लागलं?” त्यांनी तिच्या खांद्याकडे बघत विचारलं.

तिनं ‘नाही’ म्हणून मान हलवली.

माल्कम गठ्ठ्यांवरून उडी मारून पक्ष्याकडे गेला. परीक्षितही त्याच्यामागे. माल्कमनं वाकून डोकं उचललं, मान पाहिली, पंख पसरून पाहिले. छातीवरचं एकही पीस हललं नव्हतं. परत येताना त्यानं टोपी काढली होती. तो कमलाकरांपुढे उभा राहिला आणि हात पुढे केला.

“एक बार,” तो म्हणाला. “सत्त्याहत्तराव्या वर्षी. मी असं आयुष्यात पाहिलं नाही, सर.”

कमलाकरांचे दोन्ही हात बंदुकीला गुंतलेले होते. त्यांनी हनुवटीनं मंजिरीकडे दाखवलं.

“शी,” ते म्हणाले. “शी फायर्ड.”

माल्कमनं हसून परीक्षितकडे पाहिलं. “खरे मोठे असतात ते असेच,” तो म्हणाला आणि कमलाकरांचा दंड आदरानं दाबला. “काय नम्रता!”

“अहो, खरंच मीच...” मंजिरी म्हणाली.

“मंजिरी, तूही वडिलांवरच गेलीस,” माल्कम म्हणाला आणि पक्षी उचलायला वळला. परीक्षितनं पाय धरले, माल्कमनं पंख. दोघं ते तांब्याचं ओझं सांभाळत फाटकाच्या दिशेनं चालू लागले.

मंजिरी त्यांच्यामागे निघाली. गवतात तिच्या बुटांचा चुरचुर आवाज होत होता आणि त्याच्यामागे आणखी एक, त्याच लयीत. तिनं वळून पाहिलं. कमलाकर उघडी बंदूक कोपरात घेऊन येत होते, तिच्या उजव्या हाताला, बरोबर दोन पावलं मागे. चेहरा शांत होता. मनासारखं काम झालेल्या माणसाचा चेहरा.

ते बरोबर यावेत म्हणून तिनं चाल मंदावली. तेही मंदावले.

ती थांबली. मागची पावलंही थांबली.

“अण्णा,” ती पुढेच बघत म्हणाली, “या ना.”

बराच वेळ नुसतं टिचणारं हिम ऐकू आलं. मग एक पाऊल वाजलं.

ती दुसऱ्याची वाट पाहत उभी राहिली.